लूप आयलिओस्टोमी करताना

लातूर

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. टायफॉइडनं लहान आतड्याला छिद्र पडलेलं पोट रात्री उघडलं, की शेवटी सगळे थकलेले असतात आणि स्टोमा, म्हणजे आतड्याचा वळसा (लूप) पोटावर काढून केलेलं मैल्याचं तोंड, उरकला जातो. सगळी गडबड तिथंच होते.

स्टोमाची जागा पेशंट शुद्धीवर असतानाच ठरव. झोपवून, बसवून, उभं करून तर बघच. आपल्याकडे उकिडवंही बसव. कापूस वेचणाऱ्या बाईच्या पोटाची घडी तेव्हाच दिसते. नऊवारीचा वेढा, धोतराची गाठ टाळ. खूण रेक्टसवरच (पोटाच्या उभ्या स्नायूवर) हवी आणि पेशंटला स्वतःला दिसायला हवी. स्पिरिटनं शाई पुसते, म्हणून भूल दिल्यावर तिथं सुईनं बारीक ओरखडा ओढ.

त्वचेची अडीच सेंमीची चकती काढ, चरबी मात्र राहू दे. शीथला, म्हणजे स्नायूवरच्या चिवट पडद्याला, फुलीसारखा छेद दे, स्नायू कापू नकोस, तंतू फाकव. खालून एपिगॅस्ट्रिक रक्तवाहिनी जाते, ती जप. दोन बोटं सैल जावीत. टायफॉइडचं आतडं सुजलेलं असतं, भोक आवळलं तर शिरा दबून काळं पडतं. फार मोठं केलंस तर पुढं हर्निया.

लूप ओढून धरावा लागत असेल तर आतून आणखी मोकळा कर, नाहीतर आत खेचला जाणारच. लूपच्या वरच्या (जठराकडून येणाऱ्या) बाजूला खुणेचा एक टाका, खालच्या (पुढं जाणाऱ्या) बाजूला दोन, म्हणजे पीळ कळतो. लूप आत सरकू नये म्हणून मेझेंटरीतून (आतड्याला धरणाऱ्या पडद्यातून) कॅथेटरचा तुकडा घाल. मुख्य जखम शिवून झाकल्यावरच आतडं उघड, आणि तेही खालच्या बाजूला, त्वचेलगत.

आता खरं काम. 1952 साली ब्रिटिश सर्जन ब्रूकनं आतडं उलटून लगेच त्वचेला शिवायला सांगितलं, ते यासाठीच, की उघडा सिरोसा (आतड्याचा बाहेरचा थर) सुजून तोंड तुंबायचं. 3-0 व्हिक्रिल (विरघळणारा धागा) घे. कापलेली कड पूर्ण जाडीनं, मग त्वचेच्या पातळीला आतड्याचा फक्त बाहेरचा थर, मग डर्मिस (कातडीचा आतला थर). वरच्या कातडीतून सुई काढलीस तर टाक्याच्या भोकांत म्युकोसा (आतड्याचं आतलं अस्तर) उगवतो आणि पिशवी चिकटत नाही. असे तीन टाके टाकून मग ओढ. चोच अडीच सेंमी वर यायला हवी. सपाट राहिली तर पातळ, पाचकरसाचा मैला फ्लँजखाली (पिशवीच्या चिकट चकतीखाली) शिरून कातडी सोलतो.

सकाळी स्टोमा काळपट दिसला तर काचेची टेस्ट ट्यूब आत घालून टॉर्च मार. शीथच्या वर लाल असेल तर थांब. खालीही काळा असेल तर पोट पुन्हा उघड.

घरी जाताना उन्हाळ्याचं सांग. पिशवीत दिवसाला दीड लिटरवर येत असेल आणि पेशंट तहान म्हणून नुसतं पाणी पीत राहिला, तर मीठ अजूनच वाहून जातं, मग किडनी. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खायचा सोडा, आणि साधं पाणी दिवसाला अर्धा-एक लिटरच. हे नातेवाइकाच्या हातून एकदा वॉर्डातच बनवून घे.

तुझा,
शिरीष