अंगणवाडी-बालवाडीच्या ताईंच्या प्रशिक्षणासाठी नाशिककरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

तीन वर्षांच्या मुलाला जात कळत नाही, पण कोणाला पुढे बसवतात आणि कोणाला मागे, हे बरोबर कळतं. पाहुणे येणार म्हटलं की गुलाबाचं फूल द्यायला गोरी मुलगी निवडली जाते. गाड्या मुलांना, भातुकली मुलींना. ‘अंगाचा रंग’ म्हणून जो फिकट गुलाबी खडू पुढे केला जातो, त्या रंगाचं एकही मूल वर्गात नसतं. अमेरिकेत केनेथ आणि मॅमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने १९४० च्या दशकात लहान कृष्णवर्णीय मुलांपुढे काळ्या आणि गोऱ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेकांनी ‘चांगली’ म्हणून गोरी बाहुली उचलली. ती मुलं तीन ते सात वर्षांची होती.

यात ताईंना दोष द्यायचा नाही. पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, सर्वेक्षणं, मोबाईलवर भरायची माहिती, हे सगळं सांभाळून त्या मुलांना शिकवतात. भेदभाव कसा ओळखावा आणि त्याबद्दल मुलांशी काय बोलावं, हे शिकायला त्यांना निवांत वेळ मिळायला हवा. त्यासाठीच आम्ही ताईंचं प्रशिक्षण शिबिर घेत आहोत.

नाशिकला याची गरज फार आहे. द्राक्षांच्या हंगामात सुरगाणा-पेठची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या मळ्यांवर येतात. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत उत्तर भारतातले कामगार आहेत. घरी कोकणा ही आदिवासी बोली, भोजपुरी, उर्दू बोलणारी मुलं एका सतरंजीवर बसतात. त्यातलं कोकणा बोलणारं मूल गप्प राहिलं की ‘मंद’ ठरतं. आम्हाला सगळ्यात जास्त सलतं ते हे. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा वस्तीतली मुलं शाळेत येईनात म्हणून शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. आज ही मुलं अंगणवाडीत आली आहेत. तिथे त्यांना मान मिळतो का, हे बघणं आता आपल्याकडे आहे.

आमच्या शिबिरात भाषणं कमी आणि सराव जास्त असेल. ‘ती काळी आहे, मी तिचा हात धरणार नाही,’ असं मूल म्हणालं, तर नुसतं ‘असं बोलू नये’ म्हणून भागत नाही. अंगाचा रंग आई-बाबांकडून येतो, तो हाताला लागत नाही, हे त्याच्याशी शांतपणे बोलावं लागतं आणि जिला हे ऐकावं लागलं तिला आधी जवळ घ्यावं लागतं. दुसरं साधन बाहुलीचं. ती वर्गात नवी मैत्रीण म्हणून येते. तिचं नाव, घर, घरची भाषा ठरलेली असते. एक दिवस ती सांगते, ‘फ्रॉक जुना म्हणून मला खेळायला घेतलं नाही.’ मग काय करायचं ते मुलंच तिला सुचवतात.

एका ताईचं एसटी भाडं, जेवण आणि साहित्य मिळून साधारण १,५०० रुपये खर्च येतो. जमेल त्यांनी एका ताईचा भार उचलावा. कमी रक्कमही तितकीच मोलाची आहे. बाहुल्यांसाठी गव्हाळ, सावळ्या आणि काळ्या रंगाचं सुती कापड हवं आहे, शिवून देणारे हात हवे आहेत. ज्यांना कोकणा येते त्यांनी गाणी-गोष्टी सांगायला एक रविवार द्यावा. ही मदत पैशाने मिळत नाही. कोणाकडे पन्नास माणसं बसतील असा हॉल असेल तर कळवावं.

देणगी आमच्या कार्यकर्त्यांकडेच द्यावी आणि पावती जरूर घ्यावी. शिबिर संपल्यावर जमाखर्च सर्व देणगीदारांना पाठवू.

आपले,
बालशिक्षण कार्यकर्ते, नाशिक