बसमधील मावशींच्या हाती एक सरकारी कागद द्या

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
तथा पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा

विषय : स्कूल बसमध्ये तीव्र ॲलर्जी असलेल्या विद्यार्थ्यांना तातडीचे औषध देण्याच्या लेखी परवानगीबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोल्हापुरातल्या कोणत्याही स्कूल बसमध्ये डोकावले, तर मुलांच्या मुठीत तिळगूळ दिसतो. माझा मुलगा चौथीत आहे आणि त्याला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. चिक्की, भडंग, दाण्याची चटणी, साबुदाण्याची खिचडी यांना हात लावायचा नाही, हे तो वयाच्या मानाने फार नेमकेपणाने पाळतो. मात्र आमच्या घरी तिळाची वडी नुसत्या तिळाची होते आणि बऱ्याच घरी तिच्यात दाण्याचे कूट घालतात, हे त्याला सांगायचे आमच्याकडून राहून गेले होते. यंदा किंक्रांतीच्या दिवशी शाळेतून परतताना शेजारच्या मुलीने दिलेली एवढीशी वडी त्याने खाल्ली. गोड बोलण्याच्या सणाला तो नको म्हणाला नाही, यात त्याची चूक मानायला माझे मन तयार नाही.

बस फुलेवाडी नाका ओलांडून बालिंग्याच्या पुलाकडे निघाली होती. पुढे उसाच्या ट्रॉल्या आणि मागेही उसाच्या ट्रॉल्या; हंगामात गगनबावडा रस्त्यावर असे अडकणे आम्हांला नवीन नाही. थोड्याच वेळात मुलाचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, आवाज घोगरा झाला आणि त्याला उलटी झाली. बसमधल्या मदतनीस मावशींनी तत्काळ मला फोन केला. दप्तराच्या पुढच्या कप्प्यात लाल पाऊच आहे, त्यात इंजेक्शन आहे आणि ते कसे द्यायचे याचा कागदही आहे, असे मी त्यांना सांगितले. पाऊच त्यांना लगेच सापडला. तो हातात धरून त्या म्हणाल्या, “ताई, मला न्हाई जमायचं वो. पोराला कायतरी झालं तर माझ्यावर येईल.”

पुढचे थोडक्यात सांगते. चालकाने रस्त्यावरच्या लोकांच्या मदतीने बस वळवून घेतली आणि वाटेतल्या एका खासगी रुग्णालयात नेली. मुलाला तिथे पहिले इंजेक्शन मिळेपर्यंत जवळपास पंचवीस मिनिटे गेली होती. तो वाचला, एक रात्र देखरेखीखाली राहिला आणि आता ठणठणीत आहे. ती सर्व पंचवीस मिनिटे औषध त्याच्यापासून हातभर अंतरावर होते, आणि हे पत्र लिहिण्याचे कारण तेवढेच आहे.

मावशींविषयी माझ्या मनात राग नाही. आठ-दहा हजारांच्या पगारावर चाळीस मुले चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या बाईने, कोणी शिकवलेले नसताना आणि कोणी परवानगी दिलेली नसताना, दुसऱ्याच्या मुलाला सुई टोचावी, ही अपेक्षाच अन्यायाची आहे. राग आला तो नंतर, शाळेचे उत्तर ऐकून. बसमध्ये औषध देण्याची मुभा आम्हांला कोणत्याही नियमाने दिलेली नाही, तेव्हा औषध कार्यालयातील कपाटात जमा करावे, असे मला सांगण्यात आले. शाळा सुटली की ते कपाट कुलूपबंद होते आणि मूल बसमध्ये असते, हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर समोरून फक्त सहानुभूती मिळाली.

राज्यात स्कूल बससाठी 2011 पासून स्वतंत्र नियमावली आहे. तिच्यामुळे बसला पिवळा रंग आला, बसमध्ये मदतनीस आली, प्रथमोपचार पेटी आली आणि मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली शालेय परिवहन समिती आली. मी आमच्या बसमधली ती पेटी उघडून पाहिली आहे. तिच्यात कापूस, पट्ट्या, जंतुनाशक आणि मुदत उलटलेले एक मलम होते. गुडघा फुटला तर ती पेटी पुरेशी आहे; घसा आतून सुजत असेल, तर तिच्यातले काहीही उपयोगाचे नाही.

आपल्या खात्यातील कोणताही वैद्यकीय अधिकारी आपल्याला सांगेल की, माझ्या मुलाला झाले ते ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे अंगभर उसळणारी तीव्र ॲलर्जी. तिच्यात रक्तदाब कोसळू शकतो, श्वासनलिका आवळू शकते, आणि तिच्यावरचे पहिले औषध ॲड्रेनलिन हेच आहे. ॲलर्जीची नेहमीची गोळी खाज आणि गांधी कमी करते, पण श्वास आणि रक्तदाब सावरत नाही. तरीही आपल्याकडे आधी गोळी देऊन ‘जरा वाट बघू’ असे म्हणण्याची पद्धत आहे आणि त्या वाट बघण्यातच मोलाची मिनिटे जातात. ॲड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मध्यावर, स्नायूत द्यायचे असते. प्रमाण वजनाच्या प्रत्येक किलोला 0.01 मिलिग्रॅम, आणि मुलांसाठी एका वेळी जास्तीत जास्त 0.3 मिलिग्रॅम. माझ्या मुलाचे वजन 25 किलो आहे; म्हणजे 1 मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम औषध असलेल्या ॲम्प्यूलमधून, म्हणजे काचेच्या बंद कुपीतून, त्याला फक्त पाव मिलिलिटर लागते. फरक पडला नाही, तर 5 ते 15 मिनिटांनी दुसरा डोस देतात. मुलाला आडवे ठेवून पाय उंच करायचे, धाप लागली असेल तर बसू द्यायचे, पण उभे करायचे नाही आणि चालवत न्यायचे नाही. ही शेवटची सूचना बसच्या बाबतीत फार महत्त्वाची आहे, कारण ‘चल बाळा, खाली उतर, मोकळी हवा घे’ हे आपल्या कोणाच्याही तोंडून सहज निघून जाते.

चुकून दिले तर काय, असा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेला. ठरलेल्या प्रमाणात मांडीत दिलेल्या ॲड्रेनलिनने मुलाचे हृदय धडधडते, हात थरथरतात, चेहरा पांढरा पडतो आणि काही वेळात हे सर्व ओसरते. उशिरा देण्यातला धोका त्याहून कितीतरी मोठा आहे. औषध महागही नाही. ते 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत आहे आणि चार पैसे कमी-जास्त म्हणून ते परवडले नाही, असे कोणत्याही शाळेला म्हणता येणार नाही.

अडचण आहे ती ते देण्याच्या साधनाची. परदेशात झाकण काढून मांडीवर दाबले की नेमका डोस देणारे ऑटो-इंजेक्टर असतात. ब्रिटनमध्ये तर 1 ऑक्टोबर 2017 पासून शाळांना ते डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकत घेऊन ठेवता येतात. आपल्याकडे ते औषधांच्या दुकानात सहज मिळत नाहीत. त्यामुळे आमच्यासारख्या पालकांच्या पाऊचमध्ये काचेचे ॲम्प्यूल, 1 मिलिलिटरची सिरिंज आणि सुई असते. ॲम्प्यूल फोडा, औषध ओढा, हवा काढा, खूण बघा. हलत्या बसमध्ये, रडणाऱ्या मुलांच्या गराड्यात हे करणे किती कठीण आहे, याची मला पूर्ण कल्पना आहे. अमेरिकेत ऑगस्ट 2024 मध्ये नाकात फवारायच्या ॲड्रेनलिनला मान्यता मिळाली, म्हणजे सुईची भीतीही आता दूर होऊ शकते. राज्यात 2023 साली कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण उभे राहिले आहे. अशी साधने मिळवून ती निदान जिल्हा रुग्णालयांमार्फत गरजू मुलांच्या घरी पोहोचतील का, याचा विचार आपण त्या प्राधिकरणाला करायला सांगावा. परंतु त्याला वेळ लागेल, आणि तोवर जे आहे त्यावर भागवावे लागेल.

भागवायचे असेल, तर आधी मावशींची भीती घालवावी लागेल, आणि ती कायद्याचीच भीती आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आले आणि अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले. पण माझ्या मुलाला अपघात झालेला नव्हता. बस तर जागची हललीही नव्हती. बारा वर्षांखालील मुलाच्या भल्यासाठी पालकांच्या संमतीने सद्‌भावनेने केलेल्या कृत्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 27 मध्ये आधार आहे, असे मला एका वकील स्नेह्यांनी समजावून सांगितले. तो आधार बसमधल्या बाईपर्यंत पोहोचायचा, तर त्याचे साध्या मराठीत, सही-शिक्क्याचे परिपत्रक झाले पाहिजे. कलमांचे आकडे पाठ करून कोणी सिरिंज हातात घेत नाही. ‘साहेबांनी सांगितले आहे’ एवढे वाक्य मात्र पुरते.

म्हणून माझी मुख्य मागणी एकच आहे. आरोग्य, परिवहन आणि शालेय शिक्षण या तीन खात्यांनी मिळून असे परिपत्रक काढावे की, ज्या विद्यार्थ्यासाठी डॉक्टरांनी सही केलेला एक पानी आराखडा आणि पालकांचे लेखी संमतिपत्र शाळेत दाखल आहे, त्याला बसमधील प्रशिक्षित मदतनीस किंवा चालक तातडीचे औषध देऊ शकेल, आणि सद्‌भावनेने ते दिल्याबद्दल त्याच्यावर शाळा वा कंत्राटदार कोणतीही कारवाई करणार नाही. आराखड्यावर मुलाचा फोटो, वजन, कशाची ॲलर्जी, कोणती लक्षणे दिसली की वाट पाहायची नाही, डोस आणि दोन फोन क्रमांक असावेत. तो मराठीत आणि मोठ्या अक्षरात असावा आणि मावशींकडच्या फाइलमध्ये राहावा. काचेवर चिकटवून मुलाचे दुखणे गावाला दाखवण्याची गरज नाही. औषध मात्र मुलाच्या दप्तरातच हवे. ॲड्रेनलिन उजेडापासून दूर आणि 25 अंशांच्या आत ठेवायचे असते, आणि एप्रिलमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बसच्या पेटीत काय होते, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.

प्रशिक्षणासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयाला जोडलेले राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्या शेजारच्याच, वैद्यकीय शिक्षण खात्याचे आहे. जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय बसची तपासणी करतेच; त्याच सुमारास चालक आणि मदतनीस यांना अर्ध्या दिवसासाठी तिथे बोलवावे, मोसंबीवर सुई टोचायला शिकवावे आणि उपस्थितीचा दाखला द्यावा. त्या अर्ध्या दिवसात दम्याच्या पंपाविषयीही बोलता येईल, कारण ‘पंपाची सवय लागते’ या समजुतीपायी धाप लागलेल्या मुलाच्या हातून पंप काढून घेणारी शिकली-सवरलेली माणसे मी पाहिली आहेत. मिरगीसाठी नाकात फवारायचे औषध आणि टाईप 1 मधुमेहाच्या मुलाला लागणारी साखर, हेही त्यातच बसेल. सीबीएसईने 2017 साली मधुमेही मुलांना परीक्षेच्या खोलीत साखरेच्या गोळ्या आणि खाऊ नेण्याची परवानगी दिली. परीक्षेची शिस्त त्याने बिघडली नाही. बसचीही बिघडणार नाही.

आणखी दोन गोष्टी परिपत्रकात असाव्यात. एक, बस चालू असताना कोणीही काही खाऊ नये आणि ॲलर्जी असलेले मूल पुढे, मावशींच्या नजरेसमोर बसावे. शेंगदाण्यावर बंदी घाला असे मी म्हणत नाही. कोल्हापुरात ते हास्यास्पद ठरेल. शिवाय धोका फक्त खाण्याचा नाही. गुऱ्हाळांच्या आणि उसाच्या भागात मधमाशी किंवा गांधीलमाशी उघड्या खिडकीतून आत येते, आणि तिच्या दंशानेही हेच घडू शकते. दोन, असा प्रसंग आला तर 108 ला फोन करावा, मात्र रुग्णवाहिका येईपर्यंत थांबायचे की बस जवळच्या रुग्णालयाकडे वळवायची, हे ठरवण्याचा अधिकार चालकाला असावा. आमच्या चालकाने तो स्वतःच घेतला. मार्ग सोडला म्हणून त्याला नंतर जाब विचारला गेला, हे लिहिताना मला आजही लाज वाटते.

रिक्षा आणि व्हॅनमधून जाणाऱ्या मुलांचा प्रश्न याहून अवघड आहे. तिथे मावशी नसतात. रिक्षावाले काका एकटे असतात आणि त्यांचे दोन्ही हात हँडलवर असतात. त्यांना प्रशिक्षणातून वगळू नये, एवढेच मी आज म्हणू शकते.

महोदय, आपण याच जिल्ह्यातले आहात आणि आरोग्य खातेही आपल्याकडे आहे. उसाच्या हंगामात वाहतूक कुठे आणि किती वेळ तुंबते, हे आपल्याला मुंबईतल्या अधिकाऱ्याने समजावून सांगण्याची गरज नाही. परिपत्रक राज्यभर लागू व्हायला वेळ लागणार असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत निदान कोल्हापूर जिल्ह्यापुरता हा प्रयोग येत्या जूनपासून सुरू व्हावा, अशी विनंती आहे.

त्या मावशी अजूनही त्याच बसवर आहेत. प्रसंगानंतरच्या रविवारी त्या आपणहून आमच्या घरी आल्या, माझ्याकडून सिरिंज मागून घेतली आणि पाणी भरून मोसंबीवर चार-पाच वेळा टोचून पाहिली. तिसऱ्या खेपेपासून त्यांचा हात स्थिर झाला. जाताना दारात थांबून त्यांनी मला विचारले, “शिकलो बघा मी ताई. पर द्यायचं म्हटलं की कागद लागंल न्हवं? तो कवा मिळंल?”

त्यांना मी जून सांगितला आहे.

आपली विश्वासू,
एक पालक
फुलेवाडी, कोल्हापूर