सलग २२१५ सामने : मित्रास पत्र

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुझ्या एका वाक्याने मला अडवून ठेवले. एकही सामना न चुकवता वर्षानुवर्षे खेळत राहणे हा गुण नसून हट्ट आहे आणि असा खेळाडू संघापेक्षा स्वतःच्या आकड्याला जपत असतो, असे तू लिहिलेस. सोबत गावसकरांचा दाखलाही दिलास. सलग १०६ कसोट्या खेळल्यानंतर फेब्रुवारी १९८७ मध्ये कोलकात्याची कसोटी त्यांनी स्वतःहून टाळली आणि ती साखळी आपल्या हाताने तोडली. त्याच वर्षी जपानमध्ये एका बेसबॉल खेळाडूची साखळी २२१५ सामन्यांवर थांबली. त्याच्याविषयी सविस्तर लिहिल्याशिवाय तुला उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही.

त्याचे नाव साचिओ किनुगासा. जन्म १८ जानेवारी १९४७, क्योतोचा. वडील आफ्रिकी वंशाचे अमेरिकन सैनिक होते. ते निघून गेले आणि आईने मुलाला वाढवले. युद्धानंतरच्या जपानमध्ये अशा चेहऱ्याच्या मुलाला काय सोसावे लागले असेल, याची कल्पना तू करू शकतोस. त्याने स्वतः त्याचे कधी भांडवल केले नाही, म्हणून मीही ते इथेच सोडतो. हेइआन हायस्कूलमधून १९६५ मध्ये तो थेट हिरोशिमा तोयो कार्प या व्यावसायिक संघात दाखल झाला.

या संघाविषयी थोडे सांगायलाच हवे. अणुबाँबनंतर साडेचार वर्षांत, १९५० च्या हंगामात तो मैदानात उतरला. इतर संघांमागे रेल्वे कंपन्या आणि वृत्तपत्रे उभी होती, याच्यामागे मात्र कोणतीही मोठी कंपनी नव्हती. १९५१ मध्ये तो बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा मैदानाबाहेर साकेची लाकडी पिंपे ठेवण्यात आली आणि उद्ध्वस्त शहरातील माणसांनी त्यांत आपल्या खिशातील पैसे टाकून संघ जगवला. अशा शहराने एका अमेरिकन सैनिकाच्या मुलाला पुढे आपला सर्वांत लाडका खेळाडू मानले, हे मला आजही विलक्षण वाटते.

अर्थात सुरुवातीला लाडके म्हणावे असे त्याच्यात काही नव्हते. तो कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसणारा खेळाडू, म्हणून आला, पण खांदा दुखावल्याने तिथे टिकला नाही. कराराच्या पैशांतून त्याने फोर्ड गॅलॅक्सी ही अवाढव्य गाडी घेतली आणि ती मिरवत तो गावभर फिरत असे. पुढे रिकुओ नेमोतो या व्यवस्थापकाने त्याला पहिल्या बेसवर, म्हणजे धावणाऱ्या फलंदाजाला गाठाव्या लागणाऱ्या पहिल्या थांब्यावर, क्षेत्ररक्षणाला आणले. १९७० मध्ये जुंझो सेकिने हे फलंदाजी प्रशिक्षक आले. किनुगासा रात्री उशिरा पिऊन परतला की सेकिने वसतिगृहात त्याची वाट पाहत बसलेले असत आणि त्याच अवस्थेत त्याच्या हातात बॅट देऊन त्याला घाम फुटेपर्यंत ती फिरवायला लावत, असे सांगतात. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला ती साखळी सुरू झाली, आणि त्या दिवशी हे कोणाच्या ध्यानीमनीही नसणार.

१९७५ मध्ये जो लुट्झ हे अमेरिकन व्यवस्थापक आले. त्यांनी संघाला लाल टोप्या आणि लाल हेल्मेट दिली, किनुगासाला पहिल्या बेसवरून तिसऱ्या बेसवर हलवले आणि पंचांशी वाद घालून एप्रिलमध्येच ते निघूनही गेले. तिसरा बेस म्हणजे काय, हे तुला तुझ्या भाषेत सांगतो : फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभे राहणे, पण झेल घेऊन सुटका नाही, कारण अंगावर आदळलेला चेंडू उचलून लगेच मैदानाच्या दुसऱ्या टोकाला फेकायचा असतो. अठ्ठाविशीत ही जागा शिकणे सोपे नाही. त्या वर्षी कार्पने पहिल्यांदा सेंट्रल लीग, म्हणजे जपानमधील दोन व्यावसायिक लीगपैकी आपली लीग, जिंकली. निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार सामन्यात तर किनुगासा आणि त्याचा समवयस्क जोडीदार कोजी यामामोतो या दोघांनीही दोन-दोन होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखे मैदानाबाहेर जाणारे फटके, ठोकले होते.

आता तुझ्या आक्षेपाकडे येतो. तुझ्या बाजूने जेवढे पुरावे आहेत, ते आधी मीच मांडतो. बेसबॉलमध्ये एकदा बॅट घेऊन उभे राहिले तरी तो सामना साखळीत मोजला जातो. मे १९७९ मध्ये किनुगासाची फलंदाजी इतकी ढासळली की व्यवस्थापक ताकेशी कोबा यांनी त्याला सुरुवातीच्या नऊ जणांतून वगळले. एकही डाव न चुकवता पूर्ण खेळलेल्या सलग सामन्यांची त्याची दुसरी साखळी तिथे ६७८ वर तुटली. तेव्हाचा विक्रम ७०० चा होता. सलग उपस्थितीची साखळी मात्र उशिरा मैदानात उतरवून सांभाळली गेली. १९८६ मध्ये तर त्याची सरासरी .२०५ होती, म्हणजे शंभर प्रयत्नांत जेमतेम वीस यशस्वी फटके, आणि तरीही तो रोज खेळला. याला तू हट्ट म्हटलेस तर मी वाद घालणार नाही.

पण त्याच १९७९ च्या १ ऑगस्टला योमिउरी जायंट्स संघाचा पिचर, म्हणजे गोलंदाज, ताकाशी निशिमोतो याचा चेंडू त्याच्या डाव्या खांद्यावर बसला आणि मागचे फऱ्याचे हाड मोडले. दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर धावून गेले. घाबरलेला निशिमोतो माफी मागायला जवळ आला, तेव्हा वेदनेने कळवळत असतानाही किनुगासाने त्याला इथे धोका आहे, तू आपल्या बाकावर जा, असे सांगितले. साखळी तेव्हा अकराशेच्या पुढे होती आणि ती तुटणार हे सर्वांनी गृहीत धरले.

दुसऱ्या दिवशी सातव्या डावात तो बदली फलंदाज म्हणून उतरला. समोर सुगुरू एगावा, त्या काळातील अत्यंत वेगवान पिचर. एगावाने तीन चेंडू टाकले आणि मोडलेल्या हाडानिशी किनुगासाने तिन्ही वेळा पूर्ण ताकदीने बॅट फिरवली. एकही चेंडू लागला नाही आणि तीनदा हुकल्यामुळे तो बाद झाला. नंतर तो म्हणाला की पहिला फटका प्रेक्षकांसाठी होता, दुसरा स्वतःसाठी आणि तिसरा निशिमोतोसाठी. आणि काही झाले तरी एगावाचा चेंडू वेगवान होता!

त्या तिसऱ्या फटक्यापाशी मी अडकतो, सुहास. साखळी राखायला नुसते उभे राहणेही पुरेसे होते, बॅट फिरवण्याचीही गरज नव्हती. ती त्याने फिरवली, कारण आपल्यामुळे एका माणसाचे हाड मोडले आणि त्याचा विक्रम गेला, हे ओझे त्या तरुण पिचरच्या मनावर राहू नये. हा हट्ट असेलही, पण त्यात आकड्यापलीकडे दुसऱ्या माणसाला जागा होती. कारकिर्दीत एकूण १६१ वेळा त्याच्या अंगावर चेंडू बसला आणि बहुतेक वेळा तो हात वर करून, काही झाले नाही असे खुणावत, अशा वेळी नियमाने मिळणाऱ्या पहिल्या बेसकडे निमूटपणे चालत गेला.

त्याच वर्षीची जपान सिरीज, म्हणजे दोन्ही लीगच्या विजेत्यांमधील अंतिम मालिका, तीही ऐक. ओसाकातील सातवा, निर्णायक सामना. शेवटचा डाव, कार्प फक्त एका धावेने पुढे, प्रतिस्पर्धी किंतेत्सूचे तिन्ही बेस भरलेले आणि एकही गडी बाद नाही. कोबांनी दुसरा पिचर तयार ठेवायला सुरुवात केली, हे पाहून मैदानावरचा पिचर युताका एनात्सु अपमानाने पेटला. तेव्हा किनुगासा आपली जागा सोडून त्याच्याजवळ गेला आणि माझ्याही मनात तेच आहे, बाकाकडे लक्ष देऊ नकोस, असे म्हणाला. एनात्सु सावरला, एकही धाव निघाली नाही आणि कार्प पहिल्यांदा देशाचे विजेते झाले.

बाकीचे पटकन सांगतो. १९८४ मध्ये .३२९ सरासरी, ३१ होमरन, लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू. १३ जून १९८७ रोजी त्याने अमेरिकेच्या लू गेरिगचा २१३० सामन्यांचा विक्रम मागे टाकला, सरकारने राष्ट्रीय सन्मान दिला आणि हंगामाअखेर तो थांबला. एकूण २५४३ हिट्स, म्हणजे बेस गाठून देणारे यशस्वी फटके, आणि ५०४ होमरन. हिरोशिमात जन्मलेल्या, अणुबाँबमधून वाचलेल्या कोरियन वंशाच्या इसाओ हारिमोतोचेही होमरन बरोबर ५०४ च आहेत, हा योगायोग मला फार आवडतो. आणखी एक गंमत : ‘तेत्सुजिन’, म्हणजे पोलादी माणूस, हे त्याचे टोपणनाव चिवटपणामुळे नव्हे, तर सुरुवातीला पाठीवर असलेल्या २८ या क्रमांकामुळे पडले, कारण मुलांच्या चित्रकथेतील पोलादी यंत्रमानवाचाही क्रमांक तोच होता. नाव आधी मिळाले, शरीराने ते पुढे खरे केले.

१९९६ मध्ये अमेरिकेच्या कॅल रिपकेनने त्याचा विक्रम मोडला, तेव्हा किनुगासा ते पाहायला अमेरिकेत कॅन्सस सिटीला हजर होता. निवृत्तीनंतर त्याने कोणत्याही व्यावसायिक संघाचे प्रशिक्षकपद घेतले नाही, समालोचन मात्र केले. १९ एप्रिल २०१८ च्या सामन्यातही तो बोलत होता. आवाज इतका बसलेला होता की ऐकणाऱ्यांना काळजी वाटली. चार दिवसांनी, ७१ व्या वर्षी तो गेला. शेवटच्या आठवड्यातही तो कामावर गैरहजर राहिला नाही. याला तू काय म्हणशील, ते सवडीने कळव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अविनाश