ॲव्हरेज किती देते

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

परवा नवीन गाडी घेतली म्हणून फोनवर सांगितलं तर बाबा, तुम्ही पहिला प्रश्न तोच विचारला जो आजपर्यंत आपल्या खानदानातल्या प्रत्येक गाडीबद्दल विचारलाय, ॲव्हरेज किती देते. मी म्हणलं बाबा ही इलेक्ट्रिक आहे, तर तुम्हाला ऐकू आलं इलेक्शन, अन् तिथून तुम्ही जे झेडपीच्या इलेक्शनवर घसरलात ते आईनं फोन हिसकावून घेईपर्यंत. म्हणून लिहायलोय. कानातलं मशीन घालत जा हो, कपाटात ठेवायला घेतलेलं नाही ते.

तर उत्तर. गाडी चेतक आहे, पण काकांच्या चेतकसारखी नाही. नाव तेवढं तेच ठेवलंय. काकांची चेतक थंडीत सुरू व्हायची नाही, मग ते तिला अंगावर घेऊन तिरपी करायचे, पुन्हा सरळ, पुन्हा किक, तोपर्यंत आम्ही पोरं प्लग घासायला पॉलिश पेपर घेऊन हजर. हिला किकच नाही. बटन दाबलं की चालू, अन् चालू झालीय हेसुद्धा कळत नाही, आवाजच नाही. मी आठ दिवस हिशोब ठेवला. रिकामी बॅटरी फुल करायला मीटरवर साधारण ३.३ युनिट पडतात, आमच्याकडं बिलात सगळं धरून युनिट अकरा रुपयाच्या घरात जातं, म्हणजे छत्तीस रुपये, अन् त्यात ती नव्वद किलोमीटर जाते. किलोमीटरला चाळीस पैसे. तुमच्या भाषेत सांगायचं तर इथल्या एक लिटर पेट्रोलच्या पैशात अडीचशेच्या वर. तुम्ही आता म्हणणार बॅटरी बदलायचा खर्च धरला का. नाही धरला. मला माहीत होतं तुम्ही तेच म्हणणार.

पण हे लिहिता लिहिता तुमच्या डायऱ्या आठवल्या. त्या एलआयसीच्या फुकट मिळालेल्या, तारीख, मीटर रीडिंग, लिटर, भाव, रुपये, अन् शेवटच्या रकान्यात ॲव्हरेज. लुनापासून सुरू आहेत त्या. लुना मला फारशी आठवत नाही, समोर उभा राहायचो अन् चढाला तुम्ही पायडल मारायचात एवढंच, बाकी ताईला विचारा, तिचा पाय भाजला होता सायलेन्सरला. मला खरं बोलायचंय ते बजाजच्या एम-एटीबद्दल. अन् बाबा, पुढचं वाचताना बीपीची गोळी घेतलेली असू द्या.

एम-एटी म्हणजे आपली गाडी. औरंगाबादजवळ वाळूजला तयार होते म्हणून तुम्ही कौतुकानं सांगायचात, मराठवाड्याची गाडी हाय, मराठवाड्याच्या रस्त्यावर तीच टिकणार. परभणीहून झरीच्या पुढं फाट्यावरून आत तुमची शाळा, जाऊन येऊन रोज चव्वेचाळीस किलोमीटर, अन् त्यातले शेवटचे चार म्हणजे नुसती काळी माती. पावसाळ्यात तुम्ही घरी यायचात तेव्हा गाडी कुठली अन् माणूस कुठला ते कळायचं नाही. मडगार्डच्या आत चिखल असा गच्च बसायचा की चाकच फिरायचं नाही, म्हणून आईचं मोडक्या मुठीचं खुरपं तुमच्या पिशवीत कायम, हजेरीपट, डबा अन् खुरपं. दर दोनशे पावलांवर उतरायचं, खुरप्यानं माती काढायची, पुन्हा बसायचं. मी एकदा मागं बसून आलो होतो, सहावीत असेन. तुम्ही वाकून माती उकरत होतात अन् तोंडानं पाढे म्हणायला लावत होतात मला, एकोणतीसचा. आजही एकोणतीसचा पाढा म्हणलं की मला त्या ओल्या मातीचा अन् ऑईल मिसळलेल्या पेट्रोलच्या धुराचा वास येतो.

तर १९९५, माझी दहावी. त्या डायरीत उन्हाळ्याच्या आधीची दोन महिन्याची पानं काढा. ॲव्हरेज त्रेपन्न, त्रेपन्न, चोपन्न असं चाललेलं अन् एकदम शेहेचाळीस. पुढं पंचेचाळीस. लाल पेनानं प्रश्नचिन्ह केलंय तुम्ही. आठवतंय का काय काय केलं होतं तेव्हा? कार्बोरेटर तीनदा साफ. प्लग नवीन. मिस्त्री चाचांना तुम्ही म्हणालात की तुमच्या हाताला यश राहिलं नाही. ते बिचारे पुन्हा पुन्हा कार्बोरेटरचं जेट काढून फुंकायचे, उजेडात धरून बघायचे अन् म्हणायचे, गुरुजी, गाडी में कुछ नहीं है. मग तुमचा संशय गेला पंपावर. घराजवळचा पंप माप मारतो असं तुम्ही ठरवलं, बाटली घेऊन मोजायला गेलात, माप बरोबर भरलं तर म्हणालात बाटलीत बरोबर देतात, टाकीत मारतात. अन् त्या दिवसापासून तुम्ही त्या पंपाची पायरी चढला नाहीत.

बाबा, गाडी मी नेत होतो.

रविवारी दुपारी तुम्ही जेवून आडवे झालात की मी गाडी ढकलत गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचो, तिथं पुढच्या चाकाजवळची मीटरची केबल सोडायची, ते नट हातानंच फिरायचं, पाना लागत नव्हता, अन् मग किक. कॅनॉलला जायकवाडीचं पाणी सुटलेलं असायचं, आम्ही तिघंजण एका गाडीवर पोहायला. तुम्ही पेपर तपासायला गेलात की मधल्या वारी पण. आठवड्याला चाळीसेक किलोमीटर व्हायचं. येताना केबल जोडायची, हात मातीनं घासायचे, गाडी होती तशी स्टँडला. मीटर जागचं हललेलं नाही अन् पेट्रोल पाऊण लिटर कमी. मला वाटलं होतं मी लई हुशार. मीटर बघणारा माणूस पेट्रोल पण मोजतो हे डोक्यातच आलं नाही.

अन् आईला सगळं माहीत होतं. आई, आता तुझी पाळी. हिनं माझे ओले केस बघून ओळखलं होतं, दुसऱ्याच खेपेला. ओरडली नाही. तुमचं ते पंपाशी भांडण झालं त्या रात्री तिनं ज्वारीच्या डब्यातून वीस रुपये काढले, तेव्हा वीसमध्ये एक लिटरच्या आसपास यायचं, अन् मला म्हणाली, "जेवढं जाळलं तेवढं भरून ये, त्यांच्या डोक्याला ताप नको." पोहायला जाऊ नको असं म्हणाली नाही, हे लक्षात घ्या. मी गेलो, भरून आलो, ऑईल टाकायला विसरलो नाही. पण झालं काय, त्याच आठवड्यात कॅनॉलचं पाणी बंद झालं. मी गाडी नेलीच नाही. टाकीत एक लिटर फुकटचं.

ॲव्हरेज आलं सहासष्ट!

ते पान तर तुम्ही फ्रेम करायचं बाकी ठेवलं होतं. दोनदा बेरीज केली, मला गुणाकार तपासायला लावला (मी तपासला, बरोबर होता), अन् दुसऱ्या दिवशी मिस्त्री चाचांना हॉटेलात नेऊन भजे खाऊ घातले. शाळेतल्या दोघा गुरुजींनी आपल्या गाड्या त्यांच्याकडं टाकल्या. चाचा शेवटपर्यंत सांगायचे की गुरुजींच्या एम-एटीला मी सहासष्टचं ॲव्हरेज काढून दिलं होतं. मी भेटलो की माझ्याकडं बघून हसायचे, मला कायम वाटायचं यांना कळलंय. केबलच्या नटावर ओल्या हाताची माती त्यांना दिसली नसेल असं कसं होईल. पण नाही बोलले.

नंतरच्या गाड्यांचं काय सांगू. भोसरीला नोकरी लागली तेव्हा सेकंड हँड हीरो होंडा सीडी हंड्रेड घेतली, पहिल्याच पगारात डायरी आणली, कामून आणली ते मलाच माहीत नाही. रूमवरची पोरं हसायची. तुमची स्प्लेंडर त्याच्या पुढच्या वर्षी आली अन् तुम्ही पत्रात लिहिलं होतं, "एक्काहत्तर. स्वतः भरलं, स्वतः मोजलं." बाकी पत्रात काहीच नव्हतं, आईची तब्येत बरी एवढं कोपऱ्यात.

मारुतीवर मात्र थांबायला पाहिजे. २००८, पांढरी एट हंड्रेड, मालक नंबर तीन म्हणजे मी. पहिल्यांदा ती घेऊन पुण्याहून परभणीला आलो अन् जाताना तुम्ही दोघं सोबत. पाथरी, माजलगाव, गेवराई, नगर, पावणेचारशेच्या आसपास अंतर. पुढं बाबा, मांडीवर डायरी. मागं आई, ज्वारीचं पोतं, तुरीची डाळ, अन् लोणच्याची बरणी फडकं बांधून पायापाशी. मी हजारदा म्हणलं आई बरणी मांडीवर घे. "राहतीय तिथंच, तू पुढं बघ." माजलगावच्या पुढं एका खड्ड्यात गाडी अशी आदळली की फडकं सुटलं अन् पाव किलो तेल सीटखाली. बाबा म्हणाले ब्रेक उशिरा मारला, आई म्हणाली झाकण बाबांनी लावलं होतं. नगरला फुल टू फुल मोजलं, साडेसोळा आलं, तुम्ही म्हणालात एसी लावला नसता तर अठरा. मे महिना होता बाबा. आई मागं पदरानं वारा घेत होती ते मला आरशात दिसत होतं, म्हणून लावला होता एसी. तुम्हाला नाही सांगितलं.

तो वास काही गेला नाही. शाम्पूनं धुतलं, लिंबू ठेवलं, कोळसा ठेवला. ती गाडी विकली तेव्हा घेणारा आत बसला, नाक वर केलं अन् म्हणाला, कैरीचं का लिंबाचं? हजार रुपये कमी केले त्यानं. मला गाडी दिल्याचं एवढं काही वाटलं नाही, पण तो काचा खाली करून निघाला तेव्हा वाटलं याला म्हणावं काचा बंद ठेव.

आणि आता तुमच्याबद्दल. २०२१ ला परभणीत पेट्रोल शंभरच्या वर गेलं, अख्ख्या राज्यात आपलंच महाग, तेव्हा तुम्ही फोनवर कोणाला शिव्या द्याव्यात ते न कळून मनमाडला दिल्या होत्या, तिथल्या पेट्रोलच्या डेपोतून टँकर तीनशे किलोमीटर येतो त्याचं भाडं आपल्या डोक्यावर. जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् भावात पण पहिलीच. आई म्हणते तरीसुद्धा तुम्ही अजून स्प्लेंडर घेऊन गावाच्या पार त्या टोकाच्या पंपावर जाता. जाऊन येऊन सहा किलोमीटर. शहात्तर वय, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, रस्त्यावर ऊसाच्या ट्रॅक्टरच्या डबल ट्रॉल्या, मागं लाल दिवा नसलेल्या. कामून जाता, तर घराजवळचा पंप माप मारतो म्हणून. तीस वर्षं झाली. मी हिशोब केलाय, आठवड्याला एकदा धरलं तरी नऊ हजार किलोमीटर तुम्ही जास्तीचे फिरलात माझ्या पोहण्यापायी.

त्या पंपानं माप मारलं नव्हतं बाबा. शेहेचाळीसच्या पुढं आता पेन्सिलीनं लिहून टाका, पोरगं कॅनॉलला. अन् सहासष्टच्या पुढं लिहा, ज्वारीचा डबा.

उद्यापासून घराजवळच भरत जा. दिवसाउजेडी जा, अंधार पडल्यावर नको. अन् ॲव्हरेज कळवा.

तुमचा,
बंडू

ता. क. आई, या वर्षीचं लोणचं एसटीनं पाठवू नको. मी दिवाळीला येतोय, बरणी मीच मांडीवर घेऊन येईन.