लोवेलच्या गिरण्या आणि घराघरांतल्या आठवणी

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील मुलांकडे काही महिने राहायला जाणाऱ्या आईवडिलांसाठी तिथल्या प्रेक्षणीय स्थळांची माहिती देणारा लेख आपल्या रविवारच्या पुरवणीत नुकताच वाचला. नायगारा, न्यूयॉर्क, वॉशिंग्टन यांची त्यातील माहिती निश्चितच उपयोगी आहे. मात्र तिथल्या लहानमोठ्या शहरांनी आपला स्थानिक इतिहास जपून लोकांसमोर मांडला आहे, त्याचा लेखात उल्लेखही नाही, ही उणीव मला जाणवली. मी अनेक वर्षे मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि माझे वडील मुंबईच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे जिथे साचे (माग) चालतात त्या विभागात, कामाला होते. म्हणून बॉस्टनच्या वायव्येला, लोकल गाडीने पाऊण तासाच्या अंतरावर असलेल्या लोवेल या शहराविषयी मला लिहावेसे वाटते.

लोवेलची कथा पाण्यापासून सुरू होते. मेरिमॅक नदी इथे पॉटकेट धबधब्यावरून सुमारे ३२ फूट खाली येते. हे पूर्वी पेनाकूक या मूळ रहिवाशांचे मासेमारीचे ठिकाण होते. पुढे लाकडाची वाहतूक करणाऱ्या नावांना धबधबा टाळता यावा म्हणून अठराव्या शतकाच्या अखेरीस इथे एक कालवा खणण्यात आला. बॉस्टनच्या भांडवलदारांनी १८२२ मध्ये मेरिमॅक कंपनी काढली, त्याच कालव्याचे जाळे वाढवले आणि पाण्याच्या जोरावर सूत काढण्यापासून कापड विणण्यापर्यंतचे सारे काम एकाच छताखाली आणले. ज्याचे नाव शहराला मिळाले, त्या फ्रान्सिस कॅबट लोवेल याने इंग्लंडमधले यंत्रमाग डोळ्यांखालून घातले होते आणि परतल्यावर एका कुशल कारागिराच्या मदतीने वॉल्थम गावात तसा माग उभा केला होता; पण हे शहर वसण्यापूर्वीच, १८१७ मध्ये, त्याचे निधन झाले.

या गिरण्यांत सुरुवातीला कामाला आल्या त्या न्यू इंग्लंडच्या शेतकरी घरांतल्या तरुण मुली. कंपनीच्या वसतिगृहांत त्या राहत, घंटेवर उठत, घंटेवर जेवत आणि आठवड्याला सरासरी ७३ तास काम करीत. आज बूट कॉटन मिल्स या गिरणीच्या आवारात असे एक वसतिगृह पाहता येते. मोठी जेवणाची टेबले, स्वयंपाकघर, घर चालवणाऱ्या बाईची खोली आणि वर मुलींची दाटीवाटीची निजण्याची खोली, असे सारे तिथे मांडले आहे. गिरणगावातल्या खानावळी आणि गाळ्यांतली दाटी ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना ते दृश्य मुळीच परके वाटणार नाही.

परंतु माझ्या मते लोवेलचे खरे मोल इमारतींत नाही. त्या इमारतींत राबलेल्या माणसांच्या घरांत उरलेली पत्रे आणि सांगून ठेवलेल्या आठवणी यांना तिथे यंत्रांच्या बरोबरीचे स्थान मिळाले आहे. व्हरमाँटमधून १८४५ मध्ये आलेल्या मेरी पॉल या मुलीने वडिलांना लिहिलेली पत्रे आजही जपलेली आहेत. त्या वर्षीच्या डिसेंबरातल्या पत्रात ती कळवते की हाती ६ डॉलर ६० सेंट पगार आला, त्यातले ४ डॉलर ६८ सेंट राहण्याजेवणाचे गेले आणि उरलेल्या पैशांत तिने पायातले घेतले. त्याच पत्रात, पडून मान मोडल्यामुळे एक मुलगी जागच्या जागी गेली आणि कापसाची गासडी अंगावर कोसळून एक माणूस मरता मरता वाचला, हेही ती सांगते. कंपनीच्या हिशेबवहीत किती कापड निघाले आणि भागधारकांना किती लाभांश मिळाला हे सापडेल. पण पगार मोजून झाल्यावर एका मुलीच्या हाती काय उरले, हे तिच्या वडिलांनी ते पत्र फेकून दिले नाही म्हणूनच आपल्याला कळते.

आता साचेखात्याविषयी. बूट मिलच्या तळमजल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभीचे ८८ साचे ओळीने उभे आहेत आणि त्यांतले काही चालवून दाखवतात. दारातच कानात घालायला बोळे मिळतात. वडील इकडे आले असताना मी त्यांना तिथे नेले. साचे सुरू होताच पायांखालची जमीन थरथरू लागली. छतालगतच्या दांड्यावरून खाली येणारे चामडी पट्टे वडिलांनी क्षणभर पाहिले आणि लगेच त्यांची नजर साच्याच्या एका बाजूला बसवलेल्या गोल चकतीकडे गेली. त्या चकतीत आडव्या सुताने भरलेल्या कांड्या असतात. मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यातली कांडी संपली की साचा न थांबता नवी कांडी आपोआप आत जाते. वडिलांच्या खात्यातल्या साध्या साच्यावर कांडी बदलायला साचा थांबवावा लागे. बाहेर आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘एका माणसाकडे किती साचे?’

हा प्रश्न वरवरचा नाही. लोवेलमध्ये १८३४ साली पगारकपातीविरुद्ध आणि १८३६ साली राहण्याजेवणाचा दर वाढवला म्हणून मुलींनी संप केले. पुढे साच्यांचा वेग आणि प्रत्येकीकडच्या साच्यांची संख्या वाढत गेली, तेव्हा १८४६ मध्ये तिथल्या एका गिरणीतल्या विणकर स्त्रियांनी, तीन साच्यांवर मिळणारा दर कायम राहिल्याशिवाय चौथा साचा घेणार नाही, अशी शपथच घेतली. मुंबईत १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपातही दोन साच्यांऐवजी तीन साचे माथी मारण्याला विरोध हे एक प्रमुख कारण होते, आणि पुढच्या पिढीत ‘दोनाचे चार’, म्हणजे एकाकडे दोनाऐवजी चार साचे देण्याचा, हा वाद माझ्या वडिलांनी स्वतः भोगला. त्यांना इंग्रजी फारसे येत नाही, तरीही वरच्या मजल्यावरचे प्रदर्शन पाहताना माझ्या भाषांतराची त्यांना क्वचितच गरज पडली. वरिष्ठ पिढीला घेऊन कुठे जावे, याचा विचार करणाऱ्या मुलांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी.

लोवेलने आपल्या इतिहासाची काळी बाजू झाकलेली नाही, हेही नमूद केले पाहिजे. तिथल्या मागांवरचा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे, आणि तिथे विणलेले जाडेभरडे कापड परत दक्षिणेत जाऊन त्याच गुलामांच्या अंगावर चढे. १९३० च्या दशकात एका सरकारी उपक्रमात एके काळी गुलाम असलेल्या दोन हजारांहून अधिक वृद्धांच्या आठवणी लिहून घेण्यात आल्या. त्यांत लहानपणी अंगावर ‘लोवेल’चे कपडे होते असे सांगणारे अनेकजण आहेत. ज्या शहराचे नावही त्यांच्या मालकांनी कापडाच्या निमित्तानेच उच्चारले असेल, ते या वृद्धांच्या स्मरणात अंगाला टोचणाऱ्या सुताच्या रूपाने राहिले होते. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले तेव्हा लोवेलच्या कंपन्यांनी साठ्यातला कापूस चढ्या भावाने विकून गिरण्या बंद केल्या आणि हजारो कामगार घरी बसले. त्याच युद्धाने मुंबईत कापसाची अभूतपूर्व तेजी आली आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच ती कोसळली, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच.

हे सारे जतन आपोआप झालेले नाही. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, बूट मिलही विसाव्या शतकाच्या मध्यावर थांबली, आणि १९६० च्या दशकात शहराच्या नूतनीकरणाच्या नावाखाली मेरिमॅक कंपनीची जुनी वसतिगृहे जमीनदोस्त करण्यात आली. त्या पाडकामाने लोक जागे झाले. पॅट्रिक मोगन या शिक्षणतज्ज्ञांनी असा आग्रह धरला की संपूर्ण शहर हीच शाळा आणि हेच संग्रहालय मानावे, म्हणजे आयरिश, फ्रेंच-कॅनेडियन, ग्रीक, पोलिश, पोर्तुगीज कामगारांच्या मुलांना आपल्या घरच्या इतिहासाची लाज वाटणार नाही. लोवेलमध्येच जन्मलेले पॉल सोंगस तेव्हा अमेरिकी संसदेत होते. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९७८ मध्ये तिथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले. गिरणी कामगारांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्या विद्यापीठाच्या संग्रहात ठेवल्या गेल्या. १९८० च्या दशकापासून मोठ्या संख्येने येऊन स्थायिक झालेल्या कंबोडियन निर्वासितांनाही आज शहराच्या कथेत जागा आहे.

सगळेच टिकले असेही नाही. लोवेलमध्येच असलेले अमेरिकन टेक्स्टाइल हिस्टरी म्युझियम पैशाअभावी २०१६ मध्ये बंद झाले आणि त्याचा संग्रह इतर संस्थांमध्ये विखुरला गेला. मोठी संस्थाही अशी बंद पडते, म्हणून घरोघरच्या आठवणी वेळीच लिहून घेणे मला अधिक निकडीचे वाटते. काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालय करण्याची योजना मुंबई महापालिकेने हाती घेतली आहे. त्यात मागांबरोबर मनिऑर्डरच्या पावत्या, पगाराची पाकिटे, कोकणातून आणि घाटावरून आलेली पत्रे आणि जुन्या कामगारांचे स्वतःचे आवाज असावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे. माझ्या वडिलांच्या वयाची माणसे आता थोडीच उरली आहेत.

आपल्या पुरवणीने पुढच्या उन्हाळ्यापूर्वी अमेरिकेतील अशा स्थानिक संग्रहालयांवर एखादा लेख द्यावा आणि त्यात लोवेलचा समावेश करावा. उन्हाळ्यात तिथे कालव्यांतून नावेची फेरीही असते. तिची वेळ आणि साचेखाते उघडे असण्याचे दिवस आधी पाहून जावे, कारण हिवाळ्यात बरेच काही बंद असते. गिरणीत काम केलेले जे वाचक लोवेल पाहून आले असतील, त्यांची पत्रेही आपण छापावीत. तिथल्या आणि इथल्या साचेखात्यांत काय सारखे होते आणि काय वेगळे, हे त्यांच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.

आपला,
एक वाचक, मॅसॅच्युसेट्स