फुप्फुसांच्या आजारासाठी सगळ्यांचा एकच मंडप हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नोव्हेंबरचा तिसरा बुधवार २००२ पासून जागतिक सीओपीडी दिन म्हणून पाळला जातो. सीओपीडी म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन कायमची धाप लागण्याचा जुनाट आजार. त्या आठवड्यात आपल्या नागपुरातही शिबिरे आणि व्याख्याने होतात. मार्चमध्ये क्षयरोग दिन येतो, मे महिन्यात आधी दमा दिन आणि मग तंबाखूविरोधी दिन. दरवेळी आयोजक वेगळे, मंडप वेगळा. रुग्ण मात्र पुष्कळदा एकच असतो.

छातीच्या वॉर्डात परिचारिका म्हणून नोकरी करताना मी असे रुग्ण सतत पाहिले. ऐन तरुणपणी टीबी झालेला, उमरेड-सावनेरकडच्या कोळशाच्या धुळीत राबलेला आणि बिडी काही केल्या न सुटलेला माणूस. टीबीचा कोर्स पूर्ण झाला की त्याचे कार्ड बंद होते, पण फुप्फुसात राहिलेल्या व्रणांमुळे पुढे त्याला धाप लागू शकते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. बायकांचे तर आणखी वाईट. बिडीला कधी हातही न लावलेली बाई जिना चढताना थांबते आणि घरचे म्हणतात, वय झाले. चुलीचा धूर कोणी मोजतच नाही. घरात सिलिंडर आला तरी आंघोळीचे पाणी चुलीवरच तापते, हे विदर्भात कोणाला सांगायला नको.

भारतात २०१६ साली सुमारे साडेपाच कोटी लोकांना सीओपीडी असल्याचा अंदाज होता. तरी हे नाव बीपी-शुगरसारखे घरोघरी पोचलेले नाही. रोग सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसेलच असे नसते. त्यासाठी स्पायरोमेट्री लागते. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीत जोरात, शेवटपर्यंत फुंकायचे. औषध देऊन पुन्हा फुंकल्यावरही पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी हवा बाहेर आली, तर श्वासनलिका आखडल्या आहेत असे समजतात.

आशाताई तीस वर्षांवरील लोकांचा जो फॉर्म भरतात, त्यात स्वयंपाकाला कोणते इंधन वापरता, कामावर धूर-धूळ असते का, हे प्रश्न आहेत. उत्तर 'लाकूड, गोवऱ्या' असे आले, तर पुढे काय? गावच्या आरोग्य केंद्रात बीपी आणि साखर तपासून मिळते, फुंकण्याची तपासणी सहसा मिळत नाही. म्हणजे माहिती एका खात्याकडे, मशीन दुसरीकडे, डॉक्टर शहरातल्या धंतोली-रामदासपेठेत.

हे जोडायला फार मोठा पैसा लागणार नाही असे मला वाटते. आशांच्या याद्या जिल्हा परिषद आणि महापालिकेकडे आहेतच. मेडिकल, मेयो आणि एम्स या रुग्णालयांच्या छातीरोग विभागांनी मशीन आणि तंत्रज्ञ द्यावेत, आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेने आपले डॉक्टर द्यावेत. क्षयरोग विभागाने बरे झालेल्या रुग्णांना बोलवावे. कोळसा खाणींची वेस्टर्न कोलफिल्ड्स आणि मँगनीज खाणींची मॉयल या दोन्ही कंपन्यांची मुख्यालये नागपुरात आहेत. त्यांनी निवृत्त कामगारांनाही या तपासणीत आणावे. बायकांना घराबाहेर काढायचे असेल तर बचत गटांशिवाय पर्याय नाही, डॉक्टरांच्या पत्रकाने त्या येणार नाहीत.

आणि पंपाबद्दल, म्हणजे तोंडाने औषध ओढायच्या इनहेलरबद्दल, बोलायलाच हवे. 'पंपाची सवय लागते' या एका समजुतीने किती माणसे गोळ्यांवर आणि तात्पुरत्या इंजेक्शनवर दिवस काढतात! पंपातले औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून त्याची मात्रा गोळीपेक्षा खूपच कमी असते. पण तो ओढता आला पाहिजे. घाईघाईने दाबला तर औषध घशातच राहते. हे पत्रक वाचून येत नाही. कोणीतरी समोर बसून करून दाखवावे लागते. गेलेली फुप्फुसे परत मिळत नाहीत, पण बिडी सुटली आणि औषध नीट घेतले तर पुढची घसरण मंदावते.

येत्या नोव्हेंबरसाठी सगळा जिल्हा नको, एकटा कामठी किंवा उमरेड तालुका घ्या. सर्व संस्थांनी एक तारीख आणि एक जागा ठरवावी. पंप कसा ओढायचा ते शिकवायला मी दिवसभर बसायला तयार आहे, माझ्या निवृत्त सहकारी परिचारिकांनाही घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मानेवाडा, नागपूर