आधी परतीची गाडी

मिरज

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

घाटकोपरची खोली लागली, डब्याची सोय झाली, हे वाचून जीव भांड्यात पडला. आता गाणं कुठे ऐकू, सिनेमे कुठे बघू, असं विचारलं आहेस. यादी तुला कोणीही देईल. मी क्रम सांगते. मुंबईत आधी परतीची गाडी बघायची, मग सभागृह, आणि कलाकाराचं नाव तिसरं. मैफल रंगते ती शेवटच्या अर्ध्या तासात, आणि नेमकं तेव्हाच निम्मं सभागृह उठायच्या तयारीत असतं. तू त्यात नसावंस.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रापासून सुरुवात कर. तिथलं टाटा थिएटर १९८० साली उघडलं. फिलिप जॉन्सन यांनी ते बांधलं आणि ध्वनीची बाजू सिरिल हॅरिस यांनी पाहिली. पंख्यासारखा पसरलेला हॉल, रंगमंचाजवळ येणाऱ्या रांगा. तिथे तानपुऱ्याच्या जवारीची झणझण लांबच्या खुर्चीतही सुटी ऐकू येते. तंबोऱ्यांच्या गावात वाढलीस, तुला ती लगेच ओळखू येईल. जाताना घाटकोपरहून मेट्रोने मरोळ नाका, तिथे भुयारी मेट्रो धरून विधान भवन, पुढे दहा-पंधरा मिनिटं चाल. भुयारी मेट्रोची शेवटची गाडी साधारण साडेदहाची असते, म्हणून येताना तिच्यावर विसंबू नकोस. काळी-पिवळी मीटरने करून सीएसएमटीला ये आणि तिथून लोकल. रिक्षा शोधत उभी राहू नकोस, सायन-माहीमच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाहीत. शेवटच्या लोकलवर बेत आखायचा नाही, तिच्या आधीच्या दोन गाड्या हाताशी हव्यात. एम-इंडिकेटर ॲपमध्ये आदल्या दिवशीच वेळा बघून ठेव. रात्री बायकांच्या ज्या डब्यात पोलीस असतो, त्यातच चढ.

पृथ्वी थिएटर जुहूला, १९७८ पासूनचं. जेमतेम दोनशे खुर्च्या, रंगमंचाच्या तीन बाजूंनी प्रेक्षक. कलाकाराचा श्वास ऐकू येतो इतकं जवळ. उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत, मग तो कोणीही असो, आणि हे मला फार योग्य वाटतं. मेट्रोने डी. एन. नगर, तिथून रिक्षा. संध्याकाळी तिकडची वाहतूक तुंबते, म्हणून अर्धा तास हातचा ठेव.

षण्मुखानंद याच्या उलट, अडीच हजारांवर माणसं मावणारं प्रचंड सभागृह. तिथे आवाज स्पीकरमधूनच येतो, म्हणून कुठे बसायचं ते महत्त्वाचं. पहिल्या रांगेचं महाग तिकीट काढू नकोस. तिथे तबला एका बाजूच्या स्पीकरमधून कानावर आदळतो आणि गाणं डोक्यावरून जातं. बाल्कनीच्या छताखाली खोलवरही नको, तिथे आवाज दबतो. साउंडवाल्याचं कन्सोल कुठे मांडलंय ते बघ आणि त्याच्या आसपासची खुर्ची घे. तो माणूस जे ऐकून बटणं फिरवतो, तेच तुला ऐकू येईल. रॉक, जॅझ, ब्लूजच्या कार्यक्रमांनाही हाच नियम. फेब्रुवारीत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत ब्लूज महोत्सव भरत आला आहे, लोअर परळ आणि खारच्या छोट्या जागांत गिग होत असतात. तिथे भिंतीला किंवा कोपऱ्याला टेकून उभी राहू नकोस, बासचा घुमारा तिथेच साचतो. केमिस्टकडे फोमचे इअरप्लग मिळतात. बारीक वळून कानात सारायचे आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचे. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत राहिली, तर आवाज जास्त होता असं समज.

पावसाळ्यात षण्मुखानंदला जाण्याआधी भरतीची वेळ बघ. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि त्याच वेळी मोठा पाऊस असला, तर पावसाच्या पाण्याला समुद्रात जायला वाट राहत नाही आणि सभागृहाजवळच्या गांधी मार्केटचा सखल भाग भरतो. तसा दिवस आला तर तिकिटाचे पैसे सोडून दे.

शास्त्रीय गाण्याला वेळेआधी दहा मिनिटं बस, तंबोरे लागताना ऐक. विलंबित एकतालात एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, पाऊण-एक मिनिट लागतं. समेवर, म्हणजे फेरीच्या पहिल्या मात्रेवर, आल्याशिवाय हलू नये, आणि उठायचंच झालं तर राग संपल्यावर. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी असते, वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत मिळते. म्हणून मैदानातल्या मैफलीत मध्यरात्रीचे राग आता जवळजवळ ऐकायला मिळत नाहीत. पहाटेचे मात्र मिळतात. दिवाळी पहाट चुकवू नकोस, ललत-भैरव त्यांच्या वेळेला ऐकण्यासारखं दुसरं काही नाही. रविवारच्या सकाळच्या मैफलीनंतर रेल्वेच्या दुरुस्तीसाठीचा मेगाब्लॉक आडवा येतो. मध्य रेल्वेचा ब्लॉक बहुधा अकराच्या सुमारास सुरू होऊन दुपारी चारपर्यंत चालतो, त्यामुळे तेव्हा बसचा किंवा मेट्रोचा रस्ता आधी शोधून ठेव.

सिनेमासाठी एकच गोष्ट लगेच कर: प्रभात चित्र मंडळाची सभासद हो. १९६८ पासून ही मंडळी जगभरचे चित्रपट दाखवत आली आहेत, आणि पाहिलेल्या चित्रपटावर बोलणारी माणसं तुला तिथे मिळतील. हिवाळ्यातला थर्ड आय आशियाई चित्रपट महोत्सव रजा टाकून बघ. माहितीपटांची गोडी लागली तर मिफ, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे, १९९० पासूनचा, दर दोन वर्षांनी. महोत्सवात दिवसाला तीनच चित्रपट धर. पाच पाहिलेस तर चौथ्यापासून डोक्यात काही राहत नाही. पेडर रोडचं राष्ट्रीय भारतीय सिनेमा संग्रहालय एका दुपारचं काम आहे, सोमवारी बंद असतं. कुलाब्याचं रीगल १९३३ चं, एकपडदा चित्रपटगृह म्हणजे काय ते तिथे कळेल. मल्टिप्लेक्समध्ये मात्र पडद्यापासून दोन तृतीयांश मागे, मधोमध बस. आवाजाचं मोजमाप साधारण त्याच जागेवरून केलेलं असतं.

तिकीट खिडकीवर काढलंस तर ऑनलाइनचा वरचा आकार वाचतो. सभागृहांत एसी कडक असतो. तुझी राखाडी शाल ट्रंकेत तळाला, चादरींच्या खाली आहे, ती पर्समध्ये ठेव. प्रभातचं सभासदत्व झालं की कळव.

तुझी,
आई